बाळंतपणानंतर जर्मनीत पार्ट-टाइम कामावर परतताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत नोकरी करणाऱ्या आणि इथेच बाळंत झालेल्या मराठी मुलींचे फोन मला साधारण रात्री साडेनऊनंतर येतात. बाळ नुकतंच झोपलेलं असतं, बोलणं कुजबुजत चालतं आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. कामावर कधी जाऊ? किती तास जाऊ? त्यामुळे सरकारकडून येणारे पैसे बंद होतील का? मी बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये एका मध्यम आकाराच्या कंपनीत इंजिनियर आहे. मुलगी अकरा महिन्यांची असताना आठवड्याला २८ तासांवर कामाला परतले. तेव्हा एक चूक केली आणि ती महागात पडली. तशी चूक दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून ही उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. रकमा आणि मर्यादा २०२६ च्या सुरुवातीला लागू असलेल्या आहेत.

ताई, बॉस म्हणतो नव्या कॉन्ट्रॅक्टवर सही कर आणि पुढच्या महिन्यापासून २० तास ये. करू का सही?

थांबा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे उत्तर पूर्ण वाचा.

इथे पार्ट-टाइमचे दोन प्रकार आहेत. रोजच्या कामात दोन्ही अगदी सारखे दिसतात, कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला प्रकार म्हणजे एल्टर्नत्साइट, म्हणजे पालकांची रजा, चालू ठेवायची आणि त्या रजेतच कमी तास काम करायचं. तुमचा मूळ पूर्णवेळ करार तसाच राहतो. रजा संपली की दुसऱ्या दिवसापासून पूर्ण तास आणि पूर्ण पगार आपोआप परत येतो, त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. शिवाय रजा चालू आहे तोवर कंपनी तुम्हाला सहजासहजी काढू शकत नाही.

दुसऱ्या प्रकारात रजा संपवून मूळ करारच बदलतात. त्या कागदाला एंडरुंग्सफरट्राग म्हणतात. त्यावर सही झाली की २० तास हाच तुमचा करार. तीन वर्षांनी मूल किंडरगार्टनमध्ये रुळलं आणि तुम्हाला पुन्हा ४० तास हवे झाले, तर 'सध्या जागा नाही' एवढं सांगून कंपनी मोकळी होऊ शकते. योग्य जागा निघाली तर तुमचा विचार आधी व्हावा, इतकाच आधार कायदा देतो.

बॉस वाईट असतो असं मुळीच नाही. बऱ्याचदा त्यालाच हा फरक ठाऊक नसतो. ऑफिसातून छापील नमुना येतो आणि तो पुढे पाठवतो. तुम्ही मात्र कागदात 'एल्टर्नत्साइटमधील टाइलत्साइट' (टाइलत्साइट म्हणजे पार्ट-टाइम) असे शब्द आहेत की नाहीत आणि शेवटची तारीख लिहिली आहे की नाही, हे पाहा. नसेल तर तो कागद सही न करता परत पाठवा.

एल्टर्नत्साइट आणि एल्टर्नगेल्ड एकच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. एल्टर्नत्साइट ही रजा. ती कंपनीकडे मागायची, तिला पगार नाही, आणि आई-वडील दोघांनाही प्रत्येक मुलामागे तीन-तीन वर्षं मिळते. एल्टर्नगेल्ड म्हणजे सरकारी पैसे. त्यांचा अर्ज तुमच्या राज्याच्या कार्यालयात वेगळा करायचा. दोन्हींचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या, कागद वेगळे. एकाचा अर्ज केला म्हणजे दुसऱ्याचा झाला असं होत नाही.

या दोन्हींच्या आधी मुटरशुट्स येतं, म्हणजे बाळंतपणाची सक्तीची विश्रांती. प्रसूतीच्या तारखेआधी सहा आठवडे आणि नंतर आठ. जुळं असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर नंतरचे बारा. त्या काळात क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा, दिवसाला जास्तीत जास्त १३ युरो देते आणि हातात येणाऱ्या पगारापर्यंतचा बाकीचा फरक कंपनी भरते.

रजेचा अर्ज कधी आणि कसा करायचा?

रजा सुरू होण्याच्या सात आठवडे आधी. मुटरशुट्स प्रसूतीनंतर आठ आठवडे चालतं, म्हणून हिशेब केलात तर अर्ज बाळ जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात जायला हवा. टाके दुखत असतात, झोप नसते, त्यात कोण अर्ज लिहिणार? म्हणून सातव्या महिन्यातच लिहून ठेवा, फक्त तारखा मोकळ्या सोडा. १ मे २०२५ पासून जन्मलेल्या बाळांसाठी ईमेल चालतो. त्याआधी शाईची सही लागायची.

अर्जात पहिल्या दोन वर्षांचं वेळापत्रक द्यावं लागतं आणि ते तुमच्यावर बंधनकारक असतं. फक्त एक वर्ष लिहिलंत तर कायद्याच्या नजरेत दुसऱ्या वर्षी तुम्ही पूर्णवेळ परतणार, असं ठरतं. मग रजा वाढवायला कंपनीची परवानगी लागते. म्हणून पार्ट-टाइम करायचा विचार असेल तर दोन वर्षांची रजा मागा आणि त्याच अर्जात 'अमुक तारखेपासून अमुक तास काम करीन' असं लिहा. घरी बसायचं नसलं तरी रजा लांब मागायची, हे सुरुवातीला विचित्र वाटतं. पण वर सांगितलेलं सगळं संरक्षण त्या रजेतूनच मिळतं.

तीन वर्षांतले चोवीस महिने मागे ठेवून मुलाच्या तिसऱ्या ते आठव्या वाढदिवसाच्या दरम्यान घेता येतात. तेव्हा अर्ज तेरा आठवडे आधी करायचा. मूल शाळेत जायला लागतं त्या वर्षी हे फार उपयोगी पडतं.

पार्ट-टाइम हा हक्क आहे की कंपनीची मेहरबानी?

कंपनीत पंधराहून जास्त माणसं असतील आणि तुम्हाला तिथे सहा महिने पूर्ण झाले असतील, तर हक्क. तास आठवड्याला १५ ते ३२ यांच्यामध्ये आणि निदान दोन महिन्यांसाठी. कंपनीला नकार द्यायचा असेल तर कामाच्या दृष्टीने तातडीचं कारण लेखी द्यावं लागतं. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर तेही चार आठवड्यांत. चार आठवडे उत्तरच आलं नाही तर मागणी मान्य झाली असं धरलं जातं. हा हक्क रजेच्या काळात दोनदा वापरता येतो, म्हणजे आधी २० तास आणि नंतर ३० असं करता येतं.

तासांबरोबर वारही लिहा. 'आठवड्याला २४ तास' एवढंच लिहिलं आणि कंपनीने सोमवार ते गुरुवार दुपारी बारा ते सहा दिलं, तर किटा, म्हणजे पाळणाघर, चारला बंद होते. 'सोमवार ते गुरुवार, सकाळी साडेआठ ते अडीच' असं स्पष्ट मागा.

काम सुरू केलं की एल्टर्नगेल्ड बंद होतं का?

नाही. आठवड्याला सरासरी ३२ तासांपर्यंत काम करून एल्टर्नगेल्ड घेता येतं. पण कुठल्या प्रकारचं घेता यावर हजारो युरोंचा फरक पडतो, म्हणून इथे जरा बसून गणित करू.

साधं एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाझिस, साधारणपणे आधीच्या हातात येणाऱ्या पगाराच्या ६५ टक्के असतं. महिन्याला कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १,८०० युरो. एका पालकाला जास्तीत जास्त बारा महिने. दुसऱ्यानेही निदान दोन घेतले तर दोघांचे मिळून चौदा. बाझिसचा एक महिना मोडून प्लुसचे दोन महिने करता येतात. प्लुसची मर्यादा निम्मी असते, म्हणजे १५० ते ९०० युरो, पण ते दुप्पट काळ चालतं.

घरी बसून असाल तर प्लुसमध्ये काही फायदा नाही, तेच पैसे लांबवून मिळतात. काम करत असाल तर मात्र चित्र पालटतं. समजा आधी हातात २,००० युरो येत होते, म्हणजे बाझिस १,३०० झालं. आठ महिने ते घेतलं आणि नवव्या महिन्यापासून कमी तासांच्या कामाचे हातात ९०० येऊ लागले. उरलेले चार महिने बाझिस घेतलंत तर कमी झालेल्या १,१०० युरोंचे ६५ टक्के, म्हणजे महिन्याला ७१५ मिळतील. चार महिन्यांचे २,८६०. तेच चार महिने मोडून आठ महिने प्लुस घेतलंत, तर मर्यादा १,३०० च्या निम्मी, म्हणजे ६५०. ते आठ महिने मिळतील, म्हणजे ५,२००. काम तेच, पगार तोच, अर्जातला फक्त एक रकाना वेगळा, आणि २,३४० युरो जास्त.

प्लुस पार्ट-टाइम करणाऱ्यांसाठीच काढलं आहे, तरी मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी बाझिसवर खूण करून अर्ज धाडलेला असतो. अजून पैसे न मिळालेल्या महिन्यांचा प्रकार बदलता येतो. अर्ज गेला असला तरी कार्यालयाला पत्र लिहा.

आणखी तीन गोष्टी. मुटरशुट्सचे पैसे मिळाले ते बाळाचे पहिले दोन महिने बाझिसमध्येच धरले जातात, ते मोडता येत नाहीत. बाझिस फक्त पहिल्या चौदा महिन्यांतच घेता येतं. आणि पंधराव्या महिन्यापासून प्लुस सलग घ्यावं लागतं. दोघांपैकी कुणीच न घेतलेला एक महिना मध्ये गेला की पुढचं बुडालं.

लेबेन्समोनाट म्हणजे काय? कॅलेंडरचा महिना का नाही?

माझी चूक झाली ती इथेच. एल्टर्नगेल्डचा महिना एक तारखेला सुरू होत नाही, बाळाच्या जन्मतारखेला सुरू होतो. आयुष्याचा पहिला महिना, दुसरा महिना, असं मोजतात. आपल्याकडे बाळाचा 'महिन्याचा वाढदिवस' धरतात ना, अगदी तसंच.

माझी मुलगी २३ मार्चची. तिचा बारावा महिना २३ फेब्रुवारी ते २२ मार्च. पगार एक तारखेपासून धरतात म्हणून मी १ मार्चला रुजू झाले, आणि बारावा महिना तर बाझिसचा लिहिला होता. त्या महिन्यातले बावीस दिवस मी पगारी काम केलं. काम करत असताना मिळणारं एल्टर्नगेल्ड आधी तात्पुरतं ठरवतात आणि पगाराच्या स्लिपा पाठवल्या की अंतिम हिशेब करतात. चार-पाच महिन्यांनी एक राखाडी पाकीट आलं. आत दोन पानांचा तक्ता, शेवटच्या ओळीत परत करायची रक्कम आणि भरायची तारीख. मी ते पत्र गॅसच्या ओट्याशी उभ्याउभ्या वाचलं आणि कुकरची शिट्टी झालेली मला कळली नाही.

मी २३ मार्चला रुजू झाले असते, किंवा तो शेवटचा महिना मोडून प्लुस केला असता, तर हे टळलं असतं. म्हणून अर्ज भरण्याआधी घरातल्या कॅलेंडरवर बाळाच्या तारखेला दर महिन्यात लाल रेघ मारा आणि कामाची पहिली तारीख रेघेवरच ठेवा. ऑफिसला महिन्याच्या मध्ये रुजू होणं चालतं, पगार दिवसांवर काढतात. आणि ओव्हरटाइम जपून करा. त्या महिन्याची सरासरी ३२ तासांच्या वर गेली की त्या महिन्याचा हक्कच जातो.

नवरा किती महिने घेऊ शकतो? दोघं एकत्र घरी राहू शकतो का?

त्याने घ्यावेच, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या पालकाचे दोन महिने त्याने न घेतल्यास तुम्हाला मिळत नाहीत, ते बुडतात. पूर्वी दोघं बाझिस एकत्र बरेच महिने घेत. १ एप्रिल २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी तसं फक्त एकच महिना करता येतं, तेही पहिल्या बारा महिन्यांत. जुळी किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं याला अपवाद आहेत. माझ्या नवऱ्याने तेरावा आणि चौदावा महिना घेतला. मी कामाला लागले होते आणि किटा सुरू व्हायची होती, म्हणून ते दोन महिने सोन्यासारखे उपयोगी पडले.

दोघांनीही एकाच वेळी आठवड्याला २४ ते ३२ तास काम केलं तर पार्टनरशाफ्ट्सबोनस म्हणून प्रत्येकी दोन ते चार महिने प्लुस वरचं मिळतं. मात्र दोघांचे तास त्या चौकटीत राहायला हवेत. एकाचेही बाहेर गेले तर परतफेड करावी लागते. ज्याच्या ऑफिसात दर तिमाहीअखेरीला धावपळ असते त्याने ते महिने टाळावेत.

एक मर्यादा लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून जन्मलेल्या बाळांसाठी पालकांचं करपात्र उत्पन्न वर्षाला १,७५,००० युरोंच्या वर असेल तर एल्टर्नगेल्ड मिळतच नाही.

मला इथे येऊन आठच महिने झाले होते. पुण्यातला पगार धरतात का?

नाही धरत, आणि हे ऐकून खूप जणी हिरमुसतात. मुटरशुट्स सुरू होण्याआधीचे बारा महिने पाहतात, पण त्यात जर्मनीतलं किंवा युरोपीय संघातल्या आणि काही शेजारी देशांतलं करपात्र उत्पन्नच मोजतात. भारतातल्या पगाराचे महिने शून्य धरले जातात. आठ महिने हातात ३,००० युरो आले असतील, तर एकूण २४,००० भागिले बारा म्हणजे २,०००, आणि एल्टर्नगेल्ड १,३००. तीच मुलगी वर्षभर इथे कामाला असती तर कमाल मर्यादेचे १,८०० मिळाले असते. वार्षिक बोनससारखी एकदाच मिळणारी रक्कमही या हिशेबात येत नाही.

ब्लू कार्डावर असताना हे सगळं मिळतं का? तास कमी केले तर कार्डाचं काय?

एल्टर्नगेल्ड आणि किंडरगेल्ड, म्हणजे मुलामागे दरमहा मिळणारा सरकारी भत्ता, दोन्ही मिळतं. काळजी दुसऱ्या टोकाला आहे. ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्याची, पगाराची अट वर्षाच्या एकूण रकमेवर आहे. तास निम्मे केले म्हणून अट निम्मी होत नाही. म्हणून सही करण्याआधी आउसलेंडरबेह्योर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. 'मी एल्टर्नत्साइटमध्ये आहे, मूळ करार कायम आहे, तास अमुक तारखेपर्यंत कमी आहेत' हे त्यात आवर्जून लिहा. नोकरी बदलायची असेल तर हे दुप्पट जपा, कारण तिथे मूळ करारच उरत नाही.

किंडरगेल्ड कामावर गेल्यावर कमी होतं का?

नाही. तुमच्या तासांशी आणि पगाराशी त्याचा संबंध नाही. जानेवारी २०२६ पासून प्रत्येक मुलामागे महिन्याला २५९ युरो, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. अर्ज फामिलियनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, करायचा. मागचे सहाच महिने मिळतात. एल्टर्नगेल्डचे तर मागचे तीनच. जन्मदाखला घेताना श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्मनोंदणी कार्यालयात, किंडरगेल्ड आणि एल्टर्नगेल्डसाठीच्या मोफत प्रती मागून घ्या.

किटाची जागा मिळत नाही. कामाची तारीख तर जवळ आली!

१ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, पण जागा कमी आहेत. गरोदरपणात नाव नोंदवलेल्या आयाही ताटकळतात. यादीत नाव घालून गप्प बसू नका. दर दोन महिन्यांनी किटाच्या प्रमुख बाईंना दोन ओळींचा ईमेल करा आणि युगेंडआम्टला, म्हणजे बालकल्याण कार्यालयाला, जागेची लेखी मागणी करा. हा कागद फार मोलाचा आहे. २०१६ मध्ये कार्ल्सरुहेच्या संघीय न्यायालयाने लाइपझिगच्या तीन आयांच्या दाव्यात ठरवलं, की वेळेत मागणी करूनही शहराने आपल्या चुकीने जागा दिली नाही, तर बुडालेल्या पगाराची भरपाई मागता येते. लेखी मागणीच केली नसेल तर यातलं काहीच हाती लागत नाही. तोवर टागेसमुटर बघा. म्हणजे घरी चार-पाच मुलं सांभाळणारी, परवाना असलेली बाई. लहान बाळासाठी मला तर ती जास्त आवडते.

जागा मिळाली तरी पहिल्या दिवसापासून मूल सोडून कामाला पळता येत नाही. आइनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला रुळवणं, दोन ते चार आठवडे चालतं. आमच्या किटात पहिले तीन दिवस पालकाने फक्त बसून राहायचं, मुलाला सोडून जायचं नाही. माझा सहा फुटी नवरा त्या बुटक्या लाकडी खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन कोपऱ्यात बसलेला असायचा. चौथ्या दिवशी पहिला छोटा निरोप होता, त्या दिवशी मी सुट्टी काढली. बाहेर लहान-लहान बुटांच्या रांगेसमोरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, मग थांबलं, आणि ते थांबलेलं मला रडण्यापेक्षा जड गेलं. बारा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा तिच्या हातात लाकडी चमचा होता आणि तिला तो सोडायचा नव्हता.

हे आठवडे आणि कामाचा पहिला आठवडा एकत्र आणू नका. मध्ये निदान दहा दिवस मोकळे ठेवा, कारण किटात गेलेलं मूल पहिल्या महिन्यात आजारी पडतंच.

मग आजारी मुलासाठी सुट्टी कुठून आणायची?

तुम्ही आणि मूल दोघंही सरकारी क्रांकनकासेत असाल तर किंडरक्रांकनगेल्ड आहे. बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला सध्या वर्षाला १५ दिवस, एकट्या पालकाला ३०. बुडालेल्या पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात, डॉक्टरांचा दाखला लागतो. खासगी विमा असेल तर हे मिळत नाही. पार्ट-टाइम असलात तरी दिवस तेवढेच. नवऱ्याचे पंधरा दिवस त्यानेच वापरायचे, हे घरात आधीच बोलून ठेवा.

आई किंवा सासूबाई आल्या तर किटाशिवाय भागेल का?

व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. तेवढ्यावर वर्षाची आखणी करू नका. माझ्या सासूबाई फेब्रुवारीअखेर आल्या, बॅगेत डिंकाचे लाडू आणि बाळाची मऊ दुपटी घेऊन. मी सकाळी साडेसातला निघायचे तेव्हा मुलगी त्यांच्या खांद्यावर असायची, म्हणून मी निर्धास्त काम करू शकले. पण तीन महिने पटकन सरतात. माणूस घरात असण्याचा खरा उपयोग प्रसूतीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांत आणि कामावर परतण्याच्या पहिल्या महिन्यात होतो. दोन आज्या असतील तर एकीला तेव्हा बोलवा, दुसरीला नंतर.

रजेत सहा-आठ महिने भारतात जाऊन राहिले तर?

रजा राहील, पैशांचं सांगता येत नाही. एल्टर्नगेल्ड आणि किंडरगेल्डसाठी तुमचं राहतं घर जर्मनीत हवं. महिना-दीड महिना माहेरी जाऊन आलात तर प्रश्न नाही. लांब मुक्कामात जर्मनीत राहण्याच्या परवान्याचाही धोका असतो. सर्वसाधारण परवाना सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर संपतो, ब्लू कार्ड बारा महिन्यांनी.

दूध पाजत असताना कामावर गेले तर?

पहिल्या बारा महिन्यांत दूध पाजायला किंवा काढायला पगारी वेळ मिळतो. दिवसातून निदान दोनदा अर्धा तास किंवा एकदा तासभर. तो मधल्या सुट्टीतून कापता येत नाही आणि नंतर भरूनही द्यायचा नाही. लाजू नका, बॉसला सरळ सांगा.

हातात पगार फारच कमी येतो. टॅक्स क्लासचं काय करायचं?

पगारातून दरमहा किती कर कापायचा हे टॅक्स क्लासवर, म्हणजे कराच्या वर्गावर, ठरतं; तिसऱ्यात कमी कापतात, पाचव्यात जास्त. नवरा तिसऱ्या वर्गात आणि बायको पाचव्यात, अशी जोडी घरोघरी असते. पाचव्या वर्गात पार्ट-टाइमचा पगार अगदी केविलवाणा दिसतो. वर्षअखेरीच्या विवरणपत्रात घराचा एकूण कर सारखाच होतो, पण एल्टर्नगेल्ड हातात आलेल्या रकमेवर ठरतं. म्हणून मूल होण्याआधी बायकोने तिसरा वर्ग घ्यावा, तोही मुटरशुट्सच्या महिन्याच्या निदान सात पूर्ण महिने आधी. एवढ्या आधी कुणाला ठाऊक असतं, हे खरं. पण बाळाचा विचार सुरू असेल तर हा फॉर्म आजच भरा.

एल्टर्नगेल्डवर कर नाही, पण ते बाकीच्या उत्पन्नाचा कराचा दर वाढवतं. पुढच्या वर्षी काही रक्कम भरावी लागते, ती बाजूला ठेवा. उलट, २०२५ पासून किटाच्या फीचे ८० टक्के, मुलामागे ४,८०० युरोंपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा होतात. जेवणाचे पैसे त्यात धरत नाहीत.

पार्ट-टाइममुळे पेन्शन बुडते का?

भीती वाटते तितकी नाही. मुलाची पहिली तीन वर्षं पेन्शनमध्ये जवळपास सरासरी पगारावर काम केल्यासारखी धरतात, आणि तुमच्या कमी तासांच्या कामाचे गुण त्यावर, एका मर्यादेपर्यंत, वेगळे मिळतात. ही वर्षं सहसा आईच्या नावावर जातात, पण ती आपोआप लागत नाहीत, पेन्शन खात्याकडे अर्ज करावा लागतो. मूल दहा वर्षांचं होईपर्यंत कमी पगाराच्या वर्षांचं मूल्यही वाढवून धरलं जातं. पुढे भारतात परतायचा विचार असला तरी हा अर्ज करून ठेवा.

दुसरं मूल हवं आहे. पार्ट-टाइममुळे त्याचं एल्टर्नगेल्ड कमी होईल का?

होऊ शकतं. पहिल्या मुलाच्या चौदाव्या महिन्यापर्यंतचे एल्टर्नगेल्डचे महिने हिशेबातून वगळतात, त्यानंतरचे कमी पगाराचे महिने मात्र धरले जातात. एक तरतूद फार थोड्या जणींना माहीत असते. दुसऱ्या मुटरशुट्सच्या आदल्या दिवशी चालू रजा संपवता येते, त्याला कंपनीची परवानगी लागत नाही, फक्त वेळेत कळवायचं. तसं केलंत तर मुटरशुट्समधली कंपनीची भर तुमच्या जुन्या पूर्णवेळ पगारावर मिळते. आणि पहिल्या रजेचे उरलेले महिने नंतर वापरता येतात, तेही बुडत नाहीत.

रजा संपत आली, पण मला अजून फुलटाइम नको. आता तरी तो करार बदलू का?

आताही थेट नको. कंपनीत ४५ हून जास्त माणसं असतील आणि सहा महिने झाले असतील, तर ब्रुकेन-टाइलत्साइट मागा. १ जानेवारी २०१९ पासून हा हक्क आहे. एक ते पाच वर्षं कमी तास, आणि ती मुदत संपली की पूर्ण तास परत. अर्ज तीन महिने आधी करायचा. ४६ ते २०० माणसांच्या कंपन्यांना ठराविक माणसांनाच ही सवलत देण्याची मुभा आहे, म्हणून रजा संपायची वाट न पाहता सहा महिने आधीच बोला. ४५ किंवा त्याहून कमी माणसांच्या कंपनीत हा हक्क नाही. तिथे करार बदलावाच लागला तर 'या तारखेपर्यंतच' अशी ओळ कागदात घालून घ्या. माझ्या एका मैत्रिणीने ती ओळ पेनने हाताने लिहून दोघांच्या सह्या घेतल्या होत्या. दोन वर्षांनी नवा बॉस आला, आणि तिचे ४० तास त्या हाताने लिहिलेल्या ओळीवर परत मिळाले.